मृत्युपत्र कायद्याने पक्के कसे होते?

(संस्थेच्या मिरज येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेने आम्हाला विषय दिला तो मृत्युपत्राचा. निमंत्रणपत्रिकेत हा शब्द वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही जाणतो. घरात कोणी 'माझ्यामागे' असा शब्द काढला, की "असलं अभद्र बोलू नका" म्हणून त्याला गप्प बसवले जाते. गप्प बसणारा माणूसही मनातून सुटल्यासारखा होतो. मग जे काम दोन पानांत आणि तासाभरात झाले असते ते राहून जाते, आणि तेच काम त्याची मुले मिरजेच्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे करीत बसतात.

गेल्या दोन-तीन पिढ्यांत रेल्वेत, दवाखान्यांत, शाळांत, नगरपालिकेत नोकऱ्या करून आपल्या माणसांनी इथे घरे बांधली. ज्यांच्या आजोबांकडे भांडण्यासारखे काही नव्हते, त्यांच्या नातवांच्या नावावर आज प्लॉट आहे, बँकेत ठेव आहे, गावाकडे वतनातली थोडी जमीन आहे. वाटणीचा प्रश्न अशा घरांत प्रथमच येतो आहे, आणि तो कसा सोडवायचा याचा वडीलधाऱ्यांकडून आलेला अनुभव गाठीला नाही. म्हणून आज कायद्याची भाषा थोडी बाजूला ठेवून, पण कायदा न सोडता बोलायचे आम्ही ठरवले आहे.

सुरुवात आपल्याला आदरणीय असलेल्या एका मृत्युपत्रापासून करू. महात्मा जोतीराव फुले यांनी १० जुलै १८८७ रोजी आपले मृत्युपत्र केले आणि ते नोंदवूनही घेतले. त्या काळी त्याला 'उईलपत्र' म्हणत. गंमत अशी की, पुण्यासारख्या ठिकाणी त्या वेळी हिंदू माणसाला मृत्युपत्र लेखी करण्याची सक्तीच नव्हती. हिंदू विल्स अ‍ॅक्ट १८७० साली आला होता. पण त्याचा अंमल बंगालच्या मुलखात आणि मुंबई व मद्रास या शहरांच्या हद्दीत होता. पुण्यात तोंडी सांगितलेली इच्छासुद्धा शाबीत झाली तर चालत असे. तरीही जोतीरावांनी लिहून ठेवले. घरात दत्तक मुलगा यशवंत होता, आणि त्याच्या हक्काला भाऊबंद आडवे येणार याची त्यांना कल्पना असली पाहिजे. यशवंत लायक निघाला नाही तर पुढे काय करावे, याचाही विचार त्यांनी त्यात केला होता.

पुढे २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांकडून यशवंतच्या हक्काला हरकत निघाली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, असे चरित्रकार सांगतात. आपला देह मिठात घालून पुरावा अशी जोतीरावांची इच्छा होती. नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही म्हणून दहन करावे लागले. यात आपल्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट आहे. मृत्युपत्र मुख्यतः मालमत्तेचे असते. अंत्यविधी कसा व्हावा, देहदान करावे की नाही, हे त्यात लिहिता येते. पण ते पार पाडणे घरच्यांच्या हाती राहते, आणि बहुतेक घरांत मृत्युपत्राचे पाकीट उघडते ते सगळे विधी उरकल्यावर. तेव्हा ही इच्छा जिवंतपणीच घरात बोलून ठेवावी. देहदान करावयाचे असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज आधी भरून द्यावा आणि घरच्यांची संमती घेऊन ठेवावी.

आता एक प्रश्न, जो आम्हाला जवळजवळ प्रत्येक सभेत विचारला जातो. "आम्ही बौद्ध, मग आम्हाला हिंदूंचा कायदा कसा लागू?" याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातच आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या दुसऱ्याच कलमात तो बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू असल्याचे म्हटले आहे. यावरून धर्म ठरत नाही, फक्त वारसा ठरतो. मृत्युपत्राचा कायदा मात्र वेगळा आहे : भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५. त्याच्या ५७ व्या कलमात बौद्ध हा शब्द स्पष्ट आहे. १ जानेवारी १९२७ पासून केलेल्या आपल्या प्रत्येक मृत्युपत्राला, मग ते मिरजेत केलेले असो की मालगावात, त्यातले नियम लागू आहेत. तोंडी मृत्युपत्राचे दिवस त्या तारखेला संपले. सैनिकाला प्रत्यक्ष मोहिमेवर असताना सवलत आहे. बाकी आपल्यापैकी कोणी मरताना चार माणसांसमोर "घर धाकट्याला" म्हणून गेला, तरी त्याला कायद्यात किंमत नाही.

मृत्युपत्र न केल्यास काय होते, तेही पाहावे, कारण काही घरांत ते न करणेच ठीक असते. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची स्वकष्टार्जित मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारख्या हिश्श्याने जाते. वडील पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. ज्याला हीच वाटणी मान्य आहे, त्याने मृत्युपत्र केले नाही म्हणून काही बिघडत नाही.

परंतु भगिनींनो, तुमची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे आम्ही थोडा वेळ थांबणार आहोत. स्त्री मृत्युपत्राविना गेली तर पहिला हक्क तिच्या मुलाबाळांचा आणि नवऱ्याचा. ती नसतील, तर दुसरा हक्क नवऱ्याच्या वारसांचा येतो. तिचे स्वतःचे आईबाप त्यानंतर. आईबापांकडून वारशाने आलेल्या मिळकतीला अपवाद आहे, पण स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घराला तो लागू नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झालेली मुलगी सासरहून घालवून दिली गेली. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, तिने पैसा साठवला आणि मृत्युपत्र न करता वारली. न्यायालयाने सहानुभूती एका बाजूला ठेवून कलम पाहिले, आणि तिची कमाई ज्या सासरने तिला दार दाखवले होते त्या सासरकडे गेली. दोन साक्षीदारांपुढे केलेली एक सही तिथे पुरली असती. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, मूल नसलेल्या भगिनींनी मृत्युपत्र करावे की नाही, हा आमच्या मते प्रश्नच नाही. त्यांनी ते याच महिन्यात करावे.

आता मूळ विषयाकडे वळू. मृत्युपत्र करणारा अठरा वर्षे पूर्ण झालेला आणि शुद्धीवर असलेला हवा. आंधळा, बहिरा, मुका माणूसही ते करू शकतो, त्याला आपण काय करतो आहोत हे कळले म्हणजे झाले. आजारी माणूस करू शकतो. मन अधूनमधून भ्रमिष्ट होणारा माणूसही, ज्या काळात तो भानावर आहे त्या काळात करू शकतो. दारूच्या नशेत, ग्लानीत, किंवा कोणी धाक घालून, फसवून, पिच्छा पुरवून करून घेतलेले मृत्युपत्र मात्र फुकट.

करण्याची रीत ६३ व्या कलमात आहे, आणि सगळे रहस्य तिथेच आहे. करणाऱ्याने सही करावी किंवा अंगठा उठवावा. ते त्याला जमत नसेल तर त्याच्यासमोर, त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने त्याच्या वतीने सही करावी. ही सही अशी हवी की, तिने सगळा मजकूर आपला म्हणून मानला हे दिसावे; म्हणून ती शेवटी करावी. आणि निदान दोन साक्षीदारांनी ती सही होताना डोळ्यांनी पाहिलेली असावी, किंवा "ही माझीच सही" असे करणाऱ्याने त्यांना स्वतः सांगितलेले असावे. त्यानंतर प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याच्या समोर आपली सही करावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. पण आमचे आग्रहाचे सांगणे असे की, ते एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच बैठकीत असावेत. का, ते पुढे येईलच.

साक्षीदाराने मजकूर वाचलेला असणे जरूर नाही. त्याला फक्त सही पाहायची आहे. त्यामुळे साक्षीदारांना आपल्या घरातला पैसा कळेल, ही भीती बाळगू नये. मजकुरावर कागद झाकून फक्त सहीची जागा उघडी ठेवता येते. तसेच, कागद लिहिणारा लेखनिक किंवा मजकूर तयार करणारा वकील आपोआप साक्षीदार होत नाही. 'लिहिणार' म्हणून केलेली सही वेगळी आणि 'साक्षीदार' म्हणून केलेली वेगळी. कित्येक मृत्युपत्रांवर एक साक्षीदार आणि एक लेखनिक अशा दोनच सह्या असतात, आणि घरचे समजतात की दोन झाल्या.

साक्षीदार निवडताना आपल्याकडे मान पाहिला जातो. गल्लीतले वडीलधारे, सत्तरीचे गुरुजी, यांना बोलावले जाते. मान योग्यच आहे. पण मृत्युपत्र वापरात येणार ते करणारा गेल्यावर, कदाचित वीस वर्षांनी. त्या वेळी कोर्टात उभा राहून सांगणारा माणूस जिवंत हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६७ व्या कलमाप्रमाणे, आणि त्याआधी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ६८ व्या कलमाप्रमाणे, साक्षीदारांपैकी एक तरी जिवंत आणि हजर करण्याजोगा असेल तर त्याला कोर्टात बोलावल्यावाचून मृत्युपत्र पुराव्यात घेता येत नाही. कागद तीस वर्षांचा जुना आहे म्हणूनही सुटका नाही. दोघेही वारले असतील तर निदान एका साक्षीदाराचे आणि करणाऱ्याचे हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधावा लागतो, आणि ते काम किती कठीण आहे ते आम्ही रोज पाहतो. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, निरोगी आणि गावातच राहणारा घ्यावा. बदलीची नोकरी असलेला घेतल्यास त्याच्या मूळ गावचा पत्ता लिहून घ्यावा.

आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला जानकी भोईर विरुद्ध नारायण कदम हा खटला या बाबतीत प्रत्येक वकिलाला पाठ असतो. निकाल डिसेंबर २००२ चा. मृत्युपत्रावर साक्षीदार दोन होते. त्यांपैकी एकाला कोर्टात आणले गेले. त्याने आपल्यापुरते सांगितले. पण दुसऱ्या साक्षीदाराने करणाऱ्यासमोर सही केली का, हे त्याला सांगता आले नाही. दुसरा साक्षीदार हयात असूनही त्याला बोलावले नव्हते. न्यायालय म्हणाले, एक साक्षीदार पुरतो हे खरे. पण त्या एकाने दोघांच्याही सह्या कायद्याप्रमाणे झाल्याचे सांगितले पाहिजे. मृत्युपत्र शाबीत झाले नाही. दोघे एकत्र बसलेले असते, तर हा प्रश्न निघाला नसता. आम्ही मघाशी एका खोलीचा आग्रह धरला तो यासाठी.

ज्याला मिळकत मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हावे का? पुष्कळ ठिकाणी छापलेले असते की अशाने त्याला दिलेले दान रद्द होते. तो नियम ६७ व्या कलमात आहे खरा. पण हिंदू आणि बौद्ध यांच्या मृत्युपत्रांना १९२५ च्या कायद्याची जी कलमे लागू केली आहेत, त्यांच्या यादीत हे कलम नाही. म्हणजे आपल्यापुरते तेवढ्यानेच दान बुडत नाही. मात्र याचा फायदा घेऊ नये. धाकटा मुलगा घर घेणार, त्याचा मेहुणा साक्षीदार आणि त्याचाच मित्र दुसरा साक्षीदार, असा कागद पाहिला की न्यायाधीशांची भुवई उंचावते, आणि ती योग्यच उंचावते.

आता ज्यांची गरज नाही अशा गोष्टी. स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कोरा कागद चालतो. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्कच नाही. टंकलेखनच हवे असे नाही, हाताने लिहिलेले चालते. इंग्रजी नको, आपल्या भाषेत लिहावे. कायद्याचे ठरावीक शब्द वापरले नाहीत तरी इच्छा समजली म्हणजे पुरे, असे कलमच आहे. नोटरीची गरज नाही. नोटरीचा लाल शिक्का आहे पण दुसरा साक्षीदार नाही, असे कागद घेऊन लोक येतात तेव्हा त्यांना काय सांगावे हे आम्हाला कळेनासे होते. शिक्क्याचे पैसे गेले ते वेगळेच.

नोंदणीचीही सक्ती नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्र ऐच्छिक कागदांत येते. न नोंदवलेले मृत्युपत्र नोंदवलेल्याइतकेच चांगले असू शकते. तरीही आमची शिफारस नोंदणीचीच आहे. कागद हरवला तरी प्रत मिळते, पान बदलल्याचा आरोप टिकत नाही, आणि करणारा स्वतः दुय्यम निबंधकापुढे गेला होता हे कळते. नोंदणी झाली की साऱ्या गावाला कळेल, असे काहींना वाटते. तसे नाही. मृत्युपत्रांचे पुस्तक वेगळे असते, आणि करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याच्याशिवाय किंवा त्याच्या मुखत्याराशिवाय कोणाला मिळत नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर निबंधकाने घरी येण्याचीही तरतूद आहे. पण हेही ध्यानात असू द्यावे की, नोंदणी म्हणजे शाबिती नव्हे. साक्षीदाराला कोर्टात जाणे त्याने चुकत नाही.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाने केलेले शिक्कामोर्तब. मुंबई शहराच्या हद्दीतल्या मृत्युपत्रांमुळे या शब्दाची भीती सगळीकडे पसरली. मिरजेत केलेल्या आणि इकडच्याच मिळकतीच्या बौद्ध किंवा हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे कधीही नव्हते. वाद असेल तर सांगलीच्या जिल्हा न्यायालयातून ते घेता येते. अपिलासाठी पूर्वी मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले आहे आणि सांगली जिल्हा त्यात येतो. सोय झाली ही चांगली गोष्ट; पण आपल्या घरचे प्रकरण तिथपर्यंत जाऊ नये, हेच बरे.

रीत पाळूनही मृत्युपत्र पडते, ते संशयामुळे. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली वेंकटाचल अय्यंगार यांच्या खटल्यात जे सांगितले तेच आजही प्रमाण मानतात. मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच न्यायालयाच्या मनातला संशय दूर करायचा असतो. सही थरथरती आहे, करणारा विकलांग होता, ज्याला सगळे मिळाले तोच वकील, साक्षीदार आणि रिक्षा घेऊन धावत होता, पत्नीला किंवा मुलींना काहीच ठेवले नाही आणि कारणही लिहिले नाही, अशा या संशयाच्या जागा. वय झाले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घ्यावा. नेहमीच्या डॉक्टरांनीच साक्षीदार म्हणून सही केली तर फारच उत्तम. अंगठा उठवणाऱ्याला सगळा मजकूर वाचून दाखवावा आणि तसे लिहावे. प्रत्येक पानावर सही करावी. कायदा तसे म्हणत नाही, शहाणपण म्हणते.

मुलींबद्दल स्पष्ट बोलू. आमच्याकडे "मृत्युपत्र करायचे आहे" म्हणून येणाऱ्या वडिलांपैकी बऱ्याच जणांना खरे म्हणजे एवढेच हवे असते की, मुलींना काही जाऊ नये. स्वकष्टार्जित मिळकतीपुरते कायदा त्यांचा हात धरीत नाही. पण घर वडिलोपार्जित असेल तर त्यांना फक्त आपला हिस्सा देता येतो. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना, आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींना, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने मुलासारखा हक्क आहे. वडील २००५ साली हयात नव्हते हे कारणही २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर उरले नाही. मुलीचा हिस्सा मृत्युपत्राने मुलाला देणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातले दान. जिथे अधिकार आहे तिथेही, एका मुलाने सांभाळले म्हणून त्याला जास्त देत असाल तर तसे दोन ओळींत लिहा. ज्याला कमी दिले त्याचे नाव घेऊन कारण लिहा. नाव वगळले की "बापाला भान नव्हते, लेकसुद्धा आठवली नाही" असा युक्तिवाद करायला समोरचा वकील मोकळा. आणि पत्नीला वाऱ्यावर सोडून सगळे मुलाला दिले, तरी १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याने ती त्या मिळकतीतून पोटगी मागू शकते.

काय देता येते, हे तपासल्याशिवाय लेखणी उचलू नये. उताऱ्यावर आपले नाव आहे याचा अर्थ सगळे आपलेच आहे असा नव्हे. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचेच नाव तिथे असू शकते. गावाकडच्या वतनाच्या जमिनीबद्दल तर फार जपावे. या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. शेवटी कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला आणि जमिनी वतनदारांना पुन्हा प्रदान झाल्या, पण नव्या शर्तीने. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर हस्तांतराला कलेक्टरांच्या पूर्वपरवानगीचा प्रश्न येतो. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीचेही तसेच. गुजरातेतल्या एका प्रकरणात, पण मुळात आपल्याच १९४८ च्या मुंबई कुळकायद्याच्या कलमांवर बोट ठेवून, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले की अशी जमीन मृत्युपत्राच्या वाटेने बाहेरच्याला देणे म्हणजे बंदी चुकवणेच. तेव्हा अशी जमीन वारस नसलेल्या माणसाला लिहून देण्यापूर्वी उतारा, फेरफार आणि शर्त दाखवून सल्ला घ्यावा. रेल्वेचे क्वार्टर, फॅमिली पेन्शन, या गोष्टी मृत्युपत्रात लिहू नयेत. त्या त्यांच्या नियमांनीच जातात.

बँकेत नॉमिनी लावला आहे, मग मृत्युपत्र कशाला, असे पुष्कळजण म्हणतात. ज्यांचे कालनिर्णय आपल्या सर्वांच्या भिंतीवर असते त्या जयंतराव साळगावकरांच्या मालमत्तेवरूनच हा मुद्दा देशाच्या पातळीवर निकालात निघाला. त्यांनी २७ जून २०११ रोजी मृत्युपत्र केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी ते वारले. मृत्युपत्रात न आलेल्या काही ठेवी आणि म्युच्युअल फंड होते, आणि त्यांना नॉमिनी लावलेले होते. नॉमिनी हाच मालक होतो का, यावर १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. नॉमिनीने रक्कम ताब्यात घ्यायची. ती कोणाची, हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. नॉमिनी आणि मृत्युपत्रातले नाव शक्यतो एकच ठेवावे. आणि मृत्युपत्राच्या शेवटी एक वाक्य असावे : वर न आलेली आणि पुढे मिळणारी माझी सर्व मिळकत अमुक व्यक्तीस द्यावी. हे वाक्य नसल्यामुळे किती घरे कोर्टात आली आहेत!

ज्याला दिले तो आपल्याआधी गेला तर ते कोणाला, हेही लिहावे. मूल अज्ञान असेल तर पालक नेमावा. विहाराला किंवा संस्थेला काही देत असाल तर "विहाराला" एवढेच लिहू नये. नोंदणीचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहावा, नाहीतर एकाच वस्तीतल्या दोन समित्या एका कपाटासाठी भांडतील.

मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते, रद्द करता येते. शेवटचे तेवढे खरे. नोंदवलेलेसुद्धा साध्या कागदावरच्या, पण रीतसर साक्षांकित अशा नव्या मृत्युपत्राने रद्द होते. आपल्या लोकांत लग्नामुळेही ते रद्द होत नाही. मात्र जुन्यावरच पेनने खाडाखोड करून वर "राजूऐवजी सुमन" असे लिहू नये. दुरुस्तीपाशी करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही नसेल तर ती दुरुस्ती धरली जात नाही. लहान फेरफाराला पुरवणी करावी, मोठ्याला नवीन मृत्युपत्र करून जुने स्वतःच्या हाताने फाडावे.

कागद कोठे ठेवावा? बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आणि लॉकर एकट्याच्या नावावर असला, तर तो उघडण्यासाठीच खटपट करावी लागते. व्यवस्थापक, ज्याला कोर्टात एक्झिक्युटर म्हणतात, त्याचे नाव मृत्युपत्रात घालावे आणि कागद कुठे आहे ते त्याला सांगावे. सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोयही नोंदणी कायद्यात आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. मृत्यूनंतर चावडीत आणि सिटी सर्व्हेला फेरफारासाठी अर्ज करावा. पण फेरफार झाला म्हणजे मालकी ठरली, असे मानून हयात साक्षीदारांना विसरू नये.

काही श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवून नमुना मागितला आहे. तो लिहून घ्यावा. "मी, नाव, वय, धंदा, राहणार मिरज, आज तारीख अमुक रोजी अक्कलहुशारीने व राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द समजाव्यात. माझे वारस पुढीलप्रमाणे." मग सर्वांची नावे, मुलींसकट. मग मिळकतीचे वर्णन, गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमांसह, कोणाला काय आणि का, उरलेल्या मिळकतीचे वाक्य, व्यवस्थापकाचे नाव, करणाऱ्याची सही. त्याखाली साक्षीदारांनी लिहावे : "वरील मृत्युपत्र करणार यांनी आम्हा दोघांच्या समक्ष यावर सही केली. ती आम्ही पाहिली आणि त्यांच्या समक्ष आम्ही आपापल्या सह्या केल्या." आणि प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय, पत्ता, तारीख.